लग्नसराईची दुसरी हार्ड डिस्क

सोलापुरात तुळशीचं लग्न लागलं की व्हिडिओ मिक्सिंगवाल्यांच्या दुकानांत दुसरी हार्ड डिस्क बसवायची लगबग सुरू व्हायची. २००२-०३च्या सुमाराची ही गोष्ट. कॅमेऱ्यांत मिनी डीव्ही कॅसेट आली होती आणि तासाभराचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवलं की साधारण १३ जीबी जागा लागायची. विंडोज आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर पहिल्या डिस्कवर. नवी ८० जीबीची डिस्क म्हणजे सहा कॅसेटी. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं एक मोठं लग्न त्यात मावायचं.

साखर पेठ, अशोक चौक या मागांच्या वस्तीतलं कॅबिनेट उघडलं की पंख्यावर सुताचा भुरा बसलेला असायचा. आधी ब्रशनं तो काढायचा. मग डिस्कच्या मागचा तांदळाएवढा जम्पर लेबलवरचं चित्र बघून ‘स्लेव्ह’वर लावायचा. जुनी डिस्क ‘मास्टर’. दोन्हींचे जम्पर एकाच जागी राहिले तर बहुधा एकही डिस्क दिसायची नाही. चपट्या केबलची निळी बाजू मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. लाल कड पहिल्या पिनेकडे. हे सगळं हातांनाच पाठ झालेलं असायचं.

खरी कसोटी पुढे. विंडोज ९८वर एफडिस्कनं नव्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन केलं की तीच ‘डी’ व्हायची आणि जुन्या डिस्कवरचा ‘डी’ सरकून ‘ई’ बनायचा. सॉफ्टवेअर जुन्या जागी फाइल शोधत बसायचं. जाणकार म्हणून नव्या डिस्कवर फक्त एक्स्टेंडेड पार्टिशन करायचे. त्यातून फॅट३२मध्ये एका फाइलची मर्यादा ४ जीबी, म्हणजे डीव्हीची जेमतेम अठरा मिनिटं. मंगलाष्टकांच्या मधोमध तुकडा पडायचा. एक्सपी आणि एनटीएफएस आले तेव्हा ही कटकट मिटली. फॉरमॅटचे टक्के मात्र तसेच मुंगीच्या पावलांनी सरकायचे, आणि मध्येच लोडशेडिंग झालं की पुन्हा शून्यापासून.

आज त्याच कामाला काही मिनिटं पुरतात. साटाची बारीक केबल, जम्पर नाही. एम.२ची पट्टी असेल तर केबलही नाही, एका स्क्रूवर काम भागतं. २ टीबीच्या वरची डिस्क असेल तर जीपीटी निवडायचं, क्विक फॉरमॅट करायचं, संपलं. नव्या मुलांना हे सोपं झालं याचा मला मनापासून आनंद आहे. त्या खटाटोपात काही पवित्र नव्हतं.

हळहळ वाटते ती निराळ्या गोष्टीची. तेव्हा डिस्क ही कामाची जागा होती, साठवणीची नव्हे. सीडी गिऱ्हाइकाच्या हाती गेली की पुढच्या लग्नासाठी डिस्क फॉरमॅट व्हायची. कॅसेटवरही बऱ्याचदा पुन्हा चित्रण व्हायचं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली लग्नं अशी पुसली गेली. उरली ती ३५२ बाय २८८ची धूसर व्हीसीडी. तीत आजीचा चेहराही नीट ओळखू येत नाही. आता वधू-वरांची नावं लिहिलेल्या डिस्का कपाटात रांगेनं उभ्या असतात, शिवाय दुसरी प्रत वेगळ्या जागी. हे फार चांगलं झालं.

काही दुकानांत जुन्या हंगामाच्या शेवटच्या डिस्का फॉरमॅट न होताच माळ्यावर गेल्या. त्या अजून वाचून बघण्यासारख्या आहेत. आयडीई ते यूएसबी अ‍ॅडॅप्टर स्वस्तात मिळतो. तो जोडण्याआधी जम्पर तेवढा स्लेव्हवरून मास्टरवर आणायचा, आणि विंडोजनं ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं.