एका चालीचे ऋण

वरळी कोळीवाड्यात लग्नसराई सुरू झाली म्हणजे दर्याची गाज बँडच्या आवाजात बुडून जाते. आमचे घर किल्ल्याकडे जाणाऱ्या एका अरुंद गल्लीत होते. हळदीच्या रात्री ताशे, ढोल आणि पितळी तुताऱ्या यांच्या गदारोळातून एक गोड, किंचित रडवेला स्वर वर निघत असे. तो ऐकू आला की आजी म्हणे, “तुझ्या आजोबांचा क्लॅरिओनेट बोलू लागला!”

माझे आजोबा त्या बँडात क्लॅरिओनेट वाजवीत. विद्यार्थिमित्रांपैकी पुष्कळांनी हे वाद्य वरातीत पाहिले असेल. आपली सनई दोन पात्यांवर वाजते, तर क्लॅरिओनेटला एकच पाती असते. नळाच्या जातीच्या पोकळ काडीपासून ती तासून काढतात. सुमारे १७०० साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने हे वाद्य सिद्ध केले असे मानतात. बोटे चपळ असली तरी सारी मदार असते ती दमावर. आजोबा म्हणत, “बोटं सगळ्यांनाच असतात, दम ज्याचा त्याचा.”

आजोबांनी स्वतःची एक चाल बसविली होती. वरात नवऱ्या मुलीच्या दारातून हलताना ते ती वाजवीत. तिला नाव नव्हते, कागदावर ती कधी उतरली नव्हती, आणि “ही माझी” असे तेही कोणास सांगत नसत. मला मात्र ठाऊक होते. कारण पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असत आणि वाड्यात लग्ने नसत, त्या दिवसांत ओटीवर बसून ते ती एकेक स्वर बदलून पाहत असताना मी जवळ बसलेला असे. त्यांच्यापाशीच मी हे वाद्य शिकलो.

१९७४ साली मी इंग्रजी शाळेत नववीत होतो. स्नेहसंमेलनात मी ती चाल वाजविली. सभागृह शांत झाले, आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षस्थानी असलेल्या सद्गृहस्थांनी मला जवळ बोलावून विचारले, “फारच सुंदर! ही चाल कोणाची?”

मी म्हणालो, “माझीच.”

तो एकच शब्द मी का उच्चारला, याचा उलगडा करण्याचा मी पुढे पुष्कळ प्रयत्न केला. बक्षिसाचा लोभ नव्हता. बक्षीस तर मिळणारच होते. वर्गातील मुले चांगल्या घरची होती, आणि ‘आमचे आजोबा वरातीत वाजवितात’ हे त्यांच्यासमोर सांगण्याची मला लाज वाटली, हेच खरे. मला एक ग्रंथ बक्षीस मिळाला आणि त्या वर्षीच्या वार्षिकात ‘स्वतः रचलेली चाल वाजवून दाखविली’ असे माझ्या नावापुढे छापून आले.

आजोबा सभागृहात शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी सर्व ऐकले होते. घरी परत येताना ते बराच वेळ गप्प होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर एवढेच म्हणाले, “सूर बरा लागला, पोरा. पण तिसऱ्या फेरीला दम तुटला. तिथं श्वास घ्यायचा नसतो.” दोन वर्षांनी ते वारले. मी त्यांची क्षमा मागितली नाही.

पुढे नोकरीधंद्याच्या काळात मला जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा छंद जडला, आणि एके दिवशी रूडी जॅक्सन या मनुष्याची गाठ पडली. अर्थात पुस्तकातून व तबकडीवरून.

रूडी जॅक्सन हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक. त्याचा जन्म १९०१ साली इंडियाना प्रांतातील फोर्ट वेन येथे झाला आणि तो शिकागो शहरात लहानाचा मोठा झाला. क्लॅरिओनेट व सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्ये तो वाजवी. जॅझ संगीतात किंग ऑलिव्हर हे त्या काळी मोठे नाव होते. लुई आर्मस्ट्राँग ज्यांना गुरू मानी, ते हेच ऑलिव्हर. जॅक्सन काही काळ त्यांच्या मंडळीत होता. पुढे १९२७ साली तो ड्यूक एलिंग्टन यांच्या मंडळीत आला. एलिंग्टन तेव्हा तरुण होते व त्यांचे भाग्य नुकतेच उदयास येत होते.

त्याच वर्षी, २६ ऑक्टोबर रोजी, एलिंग्टन यांनी ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही चाल मुद्रित केली. तीत अ‍ॅडलेड हॉल या गायिकेने एकही शब्द न उच्चारता नुसत्या स्वरांनी गायिले आहे, आणि जॅक्सनचा क्लॅरिओनेट तीत स्पष्ट ऐकू येतो. ही मुद्रिका जगभर गाजली. जॅक्सनने ती चाल आपली म्हणून एलिंग्टन यांस दिली होती, असे चरित्रकार लिहितात. परंतु ती मुळात ऑलिव्हर यांची होती. ‘कॅम्प मीटिंग ब्लूज’ या नावाने त्यांनी ती १९२३ सालीच मुद्रित केली होती. ऑलिव्हर यांनी हक्क सांगून पाहिला, पण त्यांच्या पदरी काही पडले नाही. जॅक्सनची जागा गेली, आणि १९२८ च्या आरंभी तेथे बार्नी बिगार्ड हा वादक आला.

या दोन्ही मुद्रिका मी एका रात्री पाठोपाठ ऐकल्या. दुसरी अधिक सुंदर आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तीत पहिलीचा स्वर ओळखू येताच माझ्या अंगावर काटा आला. मला शाळेचे सभागृह दिसले, आणि शेवटची रांगही.

जॅक्सन त्यानंतर नोबल सिसल यांच्या मंडळीबरोबर युरोपात गेला. पुढचा प्रवास वाचून तर मी थक्कच झालो, कारण तो प्रवास त्याला आमच्या मुंबईस घेऊन आला! १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे व्हायोलिनवादक आपली कृष्णवर्णीय मंडळी घेऊन अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात आले. अ‍ॅबी यांच्या, तसेच क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड यांच्या मंडळींतून जॅक्सनने त्या काळात वादन केले. हिंदुस्थान व सिलोन येथे त्याने बरीच वर्षे काढली. दुसरे महायुद्ध संपल्यावर तो स्वदेशी परतला, संगीताचा व्यवसाय त्याने सोडून दिला, आणि १९६८ च्या सुमारास शिकागोत तो निवर्तला. ज्यांची चाल त्याने घेतली ते ऑलिव्हर १९३८ साली सव्हाना गावी विपन्नावस्थेत वारले होते. अखेरच्या दिवसांत ते एका खेळघरात झाडलोट करीत असत.

म्हणजे ज्या वर्षांत माझे तरुण आजोबा लालबाग-परळच्या चाळींपुढे वरातीत क्लॅरिओनेट वाजवीत होते, त्याच वर्षांत, त्याच शहरात, समुद्राच्या त्याच काठी, दक्षिणेस थोड्या अंतरावर रूडी जॅक्सन वाजवीत होता. दोघांची भेट होणे शक्य नव्हते. ताजमहालाच्या नृत्यगृहातील प्रवेश व पोशाख बँडवाल्याला परवडण्याजोगा नव्हता. तरीही तो स्वर आमच्या वाड्यापर्यंत आल्यावाचून राहिला नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून मुंबईस आलेल्या वादकांनी या अमेरिकन मंडळींचे वादन ऐकले व आत्मसात केले. आल्दोना गावचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’ हे तुतारीवादक, त्यांपैकी एक. अशा वादकांनी तो बाज चित्रपटसंगीतात नेला. सी. रामचंद्र यांच्या संगीताने गाजलेल्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट यांचा हात होता. त्यातील गाणी मग प्रत्येक वरातीत वाजू लागली, आणि आजोबाही ती वाजवीत.

चाल ही अशी देशोदेशी फिरते. ती घेणे यात पाप नाही. घेतल्यावाचून कोणीही वादक झालेला नाही. आजोबांनी दुसऱ्यांच्या शेकडो चाली वाजविल्या, पण ‘ही माझी’ असे त्यांनी एकीलाही म्हटले नाही. चित्रपटांत वाद्यमेळाची मांडणी करणाऱ्या कितीएक गोमंतकीयांची नावे पडद्यावर कधी झळकली नाहीत. किंग ऑलिव्हर यांचे नावही त्या प्रसिद्ध चालीबरोबर बहुधा घेतले जात नाही. जॅक्सनचे मात्र अद्याप घेतले जाते. जॅक्सन गुणी होता, त्याला दुसऱ्याच्या चालीची गरज नव्हती, आणि म्हणूनच त्याच्या आयुष्याचा मला विषाद वाटतो. गुणी मनुष्यालाही एक शब्द जड जातो: ‘त्यांची’.

आता मीही साठी ओलांडली आहे. या वार्षिकाच्या संपादकांनी माजी विद्यार्थी म्हणून मजकडे लेख मागितला, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा विचार करावा लागला नाही. १९७४ सालच्या वार्षिकात माझ्या नावापुढे जे छापले गेले ते खरे नव्हते. ती चाल माझ्या आजोबांची होय. ते वरळी कोळीवाड्यातील बँडात क्लॅरिओनेट वाजवीत असत.

ती चाल मी अजून वाजवितो. मध्यंतरी नातीने विचारले, “आजोबा, ही कोणाची?” मी तिला सांगितले. मग तिसरी फेरी आली, आणि त्या जागी मी श्वास घेतला नाही.