एक बाजू

आमच्या घरात छातीला नावच नाही. डोकं दुखतं, कंबर दुखते, हे चारचौघांत सांगता येतं. छातीत गाठ आली तर ती नुसती ‘इथं’ असते, आणि ‘इथं’ म्हणताना हात ओढणीवरूनच फिरतो. आम्ही तिघी बहिणी. हिंगणघाटच्या मोठ्या आपाने ही ‘इथली’ गाठ आम्हा दोघींना दाखवली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. आपाचं वय शेहेचाळीस. पुढे केमो, डावा स्तन काढणं, मग शेक.

तपासणीसाठी आपल्या जिल्ह्याबाहेर जावं लागतं असं नाही. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीलाही मोठं रुग्णालय आहे. आपाचा इलाज मात्र परजिल्ह्यातल्या एका खाजगी दवाखान्यात झाला. काढलेल्या जागी पुन्हा उभारता येतं, कधी कधी त्याच ऑपरेशनमध्ये, हे तिथे आम्हाला कुणी सांगितलं नाही. जीव वाचवण्याच्या घाईत ते राहून गेलं असेल. पण एक बाई तिथून अर्धी होऊन घरी येते, आणि तिला वाटतं की आता हे असंच.

घरात सगळ्यांनी तिच्या वतीने उत्तर देऊन टाकलं होतं. “जान बची ना, बस.” “या वयात कशाला?” भावजय म्हणाली, बुरख्यात कुणाला काय कळतंय! बुरखा रस्त्यावरचा. आपाचा प्रश्न न्हाणीघरातला होता. तिने तिथला आरसा काढून ठेवला होता.

खालांची शंका वेगळी होती. अल्लाहने दिलेली बनावट बदलणं जायज आहे का? ही शंका अनेक घरांत असणार, म्हणून सांगतो. अरफजा नावाच्या सहाबींचं नाक लढाईत कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना सोन्याचं बसवायला सांगितलं. पुरुषाला सोनं मना असूनही! आणि २००७ साली मलेशियातल्या पुत्रजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला, त्यात आजारामुळे काढलेला स्तन पुन्हा घडवणं जायज असल्याचं नाव घेऊन म्हटलं आहे. खालांनी हे ऐकून घेतलं आणि विषय बदलला. आम्ही तो होकार समजलो.

मग नागपूरला प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी कागदावर चित्रं काढली. एक रस्ता सिलिकॉनच्या इम्प्लांटचा. आधी कातडीखाली पिशवी ठेवून ती हळूहळू फुगवायची, जागा झाली की इम्प्लांट बसवायचं. ऑपरेशन त्या मानाने लहान. पण शेक दिलेली कातडी चिवट होते, इम्प्लांटभोवती कडकपणा येण्याची भीती वाढते, आणि ते जन्मभर टिकेल असं धरून चालायचं नाही. दुसरा रस्ता स्वतःच्याच मांसाचा, पाठीचा स्नायू किंवा ओटीपोटावरची चरबी-कातडी. शेक झालेल्या बाईला बहुधा हाच बरा. पोटाचं ऑपरेशन कित्येक तास चालतं, तिथली बारीक रक्तवाहिनी छातीतल्या रक्तवाहिनीला जोडावी लागते, पोटावर आडवा व्रण कायम राहतो.

हे काही परदेशातून आलेलं नवल नव्हे. कपाळाची कातडी वळवून नवं नाक करणारा कारागीर पुण्याजवळ होता. कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक त्याने असं बनवलं, आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. स्वतःचं जिवंत कातडं रक्तासकट दुसऱ्या जागी न्यायचं, तत्त्व तेच.

डॉक्टरांनी आशा फार वाढू दिली नाही, हे आम्हाला आवडलं. आकार मिळेल, म्हणाले, स्पर्श पूर्वीसारखा मिळणार नाही. दोन्ही बाजू तंतोतंत जुळणार नाहीत. बोंडी नंतर वेगळी करावी लागते, किंवा गोंदून रंग देतात (गोंदण म्हटल्यावर खालांच्या भुवया वर गेल्या). आणि काहीच न करणं हाही एक रस्ता आहे. ब्राच्या आत सिलिकॉनचा किंवा सुती विणलेला स्तन ठेवायचा, कपडे नीट बसतात, ओझं दोन्हीकडे सारखं राहतं. ज्या बाईला तेवढंच पुरे, तिला डरपोक म्हणू नये.

पैशाचं सांगायचं तर, कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला ‘सौंदर्याचं ऑपरेशन’ म्हणून विमा कंपनीला नाकारता येऊ नये, असे नियम २०२० पासून आहेत. तरी पॉलिसी वाचावी. फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

आपाने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. “सिजद्याला पोट ओढेल का?” सुरुवातीचे काही आठवडे खुर्चीवर नमाज पढा, जड उचलू नका, ते म्हणाले, हळूहळू जमेल. घरी परतताना बुटीबोरीपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, पोटाचंच करू.

तारीख अजून नाही. साखर खाली यायला हवी, आणि तंबाखू पूर्ण बंद, कारण तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग जोडलेलं मांस जगत नाही. आपा खर्रा खात नाही, पण तंबाखूचं मंजन वीस वर्षांचं आहे. सध्या तिची डबी आमच्याकडे आहे. दोनदा मागून झाली.