बाकीच्यांनी काय करायचं?

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीतल्या चुका पोटात घाला. तलवार 'उपसतात' की 'उपटतात' हेसुद्धा रूममेटला विचारून लिहिलंय!

आमच्या विंगमध्ये शनिवारी मेसनंतर 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' चालतं. १९९७ साली निघालेला सामुराईंचा गेम. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र जगायचं, अडलं की दहा बाजूंचे फासे टाकायचे. देश रोकुगान, जपानच्या धर्तीवरचा पण काल्पनिक. गोष्ट सांगणारी मी.

तर एका शनिवारी पुलावर लढाई जुंपली. आमच्या चौघी, समोर आठ शिपाई आणि एक सरदार. क्रेन घराण्याच्या पात्राने सरदाराला आव्हान दिलं. क्रेन म्हणजे द्वंद्वात एकदम तरबेज! आम्ही खेळतो त्या चौथ्या आवृत्तीत द्वंद्वाचे तीन टप्पे आहेत. आधी समोरच्याला जोखायचं, मग मन एकाग्र करून पहिला वार कोणाचा ते ठरवायचं, आणि मग वार. मी ते इतकं रंगवलं... पाऊस काय, कपाळावरचा घाम काय! चाळीस मिनिटं गेली. बाकी तिघी नुसत्या बसून. लायन घराण्याचं पात्र खेळणारी सिव्हिलची मैत्रीण (फर्स्ट इयरला घरच्या आठवणीने रडायची, म्हणून मीच तिला ओढून आणलेली) उठली. "झोपते गं, सबमिशन आहे." सबमिशन नव्हतं, मला माहीत होतं. पुढच्या शनिवारी ती आलीच नाही.

द्वंद्वच काढून टाकावं का? पण मग सामुराई कसले! कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'त (१९५४) क्यूझोचं द्वंद्व होतं तेव्हा बाकीचे उभं राहून बघतात. पडद्यावर ते शोभतं. आमच्याकडे बघे म्हणजे माझ्याच मैत्रिणी.

शेवटी मशीन्सच्या लेक्चरला, मागच्या बाकावर, सुचलं. द्वंद्वाचा एक टप्पा म्हणजे लढाईची एक फेरी. सरदाराला जोखून झालं की लगेच बाकी तिघींची पाळी, मग पुढचा टप्पा. द्वंद्वात तिसऱ्याने हात घातला तर सामुराईची इज्जत जाते, पण साध्या शिपायांना कसली इज्जत? (अभिमन्यूला घेरताना तर महारथींनीही नियम पाळला नाही.) म्हणून आमचा घरगुती नियम: एक जरी शिपाई कडं तोडून आत घुसला तरी द्वंद्व करणारीचा एक फासा कमी. म्हणजे कडं सांभाळणं बाकीच्यांच्या हातात.

मैत्रिणीच्या खोलीवर गेले, सॉरी म्हटलं, नियम सांगितला. ती काही बोलली नाही. पण शनिवारी आली.

दुसऱ्या फेरीत एक भालेवाला घुसत होता. लायन आडवी आली, भाला तिने खांद्यावर घेतला. तिसऱ्या फेरीत क्रेनचे फासे इतके फालतू पडले की ती हरली! सरदार तलवार उगारून उभा. लायन दोन पावलांवर. मध्ये पडली तर क्रेनचा जीव वाचेल, पण लायनची इज्जत जाईल.

फासे मुठीत धरून ती बसून राहिली. कोणीच बोलेना. तेवढ्यात रेक्टर मॅडमनी दार वाजवलं, "साडेबारा वाजले, लाइट बंद करा!"

"मॅडम, एक मिनिट," सिव्हिलवाली ओरडली, "माझी फेरी राहिलीय!"