रंगीत उजेड आणि नर्तिकेचें मन

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत प्रत्येक रसाला एक वर्ण नेमून दिला आहे. शृंगार श्याम, करुण कपोतवर्णी, रौद्र रक्तवर्णी, अद्भुत पीत, याप्रमाणें. तेव्हां नृत्याच्या वेळीं रंगीत दिवे लावणें शास्त्राला धरूनच आहे, असें आमच्या उत्सवमंडळींत कोणी म्हटलें, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. प्रश्न उरतो तो एवढाच, कीं तो रंग अंगावर पडला म्हणजे नाचणारीचें काय होतें?

गेल्या कार्तिकांत आमच्या देवळाच्या सभामंडपांत माझ्या पुतणीनें भरतनाट्यम् केलें. नरसिंहाचा प्रसंग आला आणि मंडप लाल झाला. प्रेक्षक हरखले. मी मात्र तिचे हात पाहत होतों. बोटांच्या अग्रांवर रेखलेला अळता क्षणांत नाहींसा झाला. कपाळीचें कुंकू पुसल्यासारखें झालें. हिरवें वस्त्र काळें पडलें. यांत चमत्कार नाहीं. तांबड्या उजेडांत तांबडा अळता आणि भोंवतालची त्वचा सारखीच उजळतात, आणि हिरव्या वस्त्राला परतवावयास हिरवा किरणच मिळत नाहीं. पुढें प्रल्हादाच्या प्रसंगीं निळा दिवा लागला, तेव्हां तोच अळता काळाकुट्ट दिसूं लागला.

नंतर ती म्हणाली, "काका, माझे हात मलाच परके वाटले. मुद्रा पोंचत नाहींत या भीतीनें मी ते जोरानें फेकूं लागलें. निळ्यांत तर चौथऱ्याची कड दिसेना, म्हणून पावलें आंखडलीं." रौद्राचा म्हणून जो आवेश आम्हीं वाखाणला, त्यांत अर्धी तिची अगतिकता होती. प्रखर उजेडांतून काळोखांत गेलेल्या डोळ्याला सरावावयास कांहीं मिनिटें लागतात. ताल तितका वेळ थांबत नाहीं.

म्हणून रंगीत दिव्यांना दोष द्यावा काय? १८९२ सालीं पॅरिसच्या फोली बर्जेर रंगगृहांत लोई फुलर या अमेरिकन नर्तिकेनें रेशमाचे प्रचंड घोळ काठ्यांनीं फिरवीत त्यांवर विजेचे रंगीत झोत घेतले, आणि सारें शहर लोटलें. दिवे कोठें असावेत, रंग केव्हां पालटावा, हें तीच ठरवी. आमच्या गोव्यांतील दिवल्यांच्या नाचांतहि माथ्यावरची ज्योत नाचणारीच्या मानेशीं बांधलेली असते. दोन्हीकडे उजेड नर्तिकेच्या ओळखीचा असतो.

तेव्हां यंदाच्या जत्रेपूर्वीं मंडळानें एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. वस्त्र, अळता, कुंकू यांसह नर्तिकेला त्याच दिव्यांखालीं एकदां नाचूं द्यावें. दिवे चालविणाऱ्यानें तिच्या गुरूंशेजारीं बसून पदाचा अर्थ ऐकावा, आणि अभिनयाच्या वेळीं मुखावर थोडा पांढरा उजेड राखावा. पुतणीला मीं विचारलें आहे. ती यावयास तयार आहे.