भरलेला तांब्या

नागपूरच्या शून्य मैलाच्या स्तंभापासून रामटेक सुमारे ५० किलोमीटर. अंतर थोडे, परंतु प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धास तेवढाही प्रवास मोठा वाटतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात, ऐंशी ओलांडलेल्या माझ्या वडिलांसाठी मी बिछाना व शौचालय असलेली कॅरव्हॅन भाड्याने घेतली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे, हे आपण वाचले असेल.

गडावर रामाचे दर्शन घेऊन आम्ही खिंडसी तलावाजवळ मुक्काम केला. सकाळी दुर्गंधी जाणवली. वाहनाखाली पाहिले, तर मलटाकीच्या निचरा नळीचा सांधा तडकून थेंब थेंब गळत होता. आत बाबांचा तांब्या रात्रीपासून तसाच भरलेला होता. “शौचालय वापरले तर गळती वाढेल, म्हणून पाणीच घेतले नाही,” ते म्हणाले. जीभ कोरडी पडली होती. उठताना त्यांना भोवळ आली.

त्यांना बसवून घोट घोट पाणी दिले, रक्तदाब पाहिला आणि जवळच्या विश्रामगृहातील शौचालयाची सोय केली. मग रामटेकहून प्लंबर बोलावला. नळीला आधार देणारी लोखंडी पट्टी निसटल्यामुळे सारा भार सांध्यावर आला होता आणि रस्त्याच्या धक्क्यांनी तो फुटला होता. प्रथम विश्रामगृहाच्या परवानगीने टाकी त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी केली. उघड्यावर किंवा तलावाकाठी ती कधीही सोडू नये. नळीचा तडकलेला भाग कापून दोन्ही टोके धुऊन कोरडी केली. ओल्या नळीवर सोल्व्हंट सिमेंट धरत नाही. शिवाय ताठ सांधा पुन्हा तडकेल, म्हणून कारागिराने रबरी जोड बसवून दोन्ही बाजूंस क्लॅम्प आवळले आणि पट्टी नव्याने कसली. शेवटी टाकीत स्वच्छ पाणी भरून सांध्याखाली कोरडा कागद धरला. तो कोरडाच राहिला. असे काम करताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. ब्लीच व आम्लयुक्त क्लीनर कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी वायू निघतो.

वाचकहो, वार्धक्यात तहान मुळातच मंद होते. त्यात शौचालयाची धास्ती किंवा इतरांना त्रास होईल हा संकोच मिसळला, की पाणी आपोआप तुटते. मग बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग, भोवळ येऊन पडणे ओघाने येते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे. इतरांनी मात्र प्रवासाच्या भीतीने पाणी सोडू नये.

काळजी घेणाऱ्यांनो, निघण्यापूर्वी चाकांतील हवा पाहता, तशी निचरा नळीही वाकून पाहा. आणि वाटेत वडीलधाऱ्यांचा तांब्या पाहत जा. परतीच्या वाटेवर बाबांनी दोनदा पाणी मागितले. मला त्या दिवशी त्याहून मोठे समाधान नव्हते.