रिमोटचा ट्रक आणि आमची लेकरं

बीडहून निघालेली गाडी बालाघाटाचा घाट चढून वर आली की मांजरसुंबा लागते. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून नेकनूर-केजकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे चौकात हॉटेलांच्या जोडीला पंक्चरवाले, वेल्डर आणि गॅरेजवाले यांचीही दाटी. घाटात चेपलेला ट्रक इथे ओढून आणतात. केबिनचा पत्रा ठोकून सरळ होतो, पाट्याची तुटलेली पाने बदलली जातात आणि काही दिवसांत तोच ट्रक पुन्हा रस्त्याला लागतो. मोडला म्हणून कोणी ट्रक टाकून देत नाही. आपल्या घरात मात्र लेकरांच्या खेळण्यातला ट्रक मोडला की त्याची जागा माळ्यावर नाहीतर उकिरड्यावर. वर पोराला दोन धपाटे मिळतात ते वेगळेच.

वाचक बंधू-भगिनींनो, खेळण्यावर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या घरात मात्र एका मोडलेल्या खेळण्यावर एका पोराची शाळा अडली होती.

आमचे धाकटे बंधू आणि त्यांची पत्नी उसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते आणि पाडव्याच्या आगेमागे माणसे परत येतात. बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांचे हेच वेळापत्रक आहे. आईबापाबरोबर लेकरू कारखान्यावर गेले की त्याची शाळा बुडते, पुढे ते वर्गात मागे पडते आणि शेवटी त्याच्याही हातात कोयता येतो. म्हणून गेल्या वर्षी बंधूंनी ठरवले की मुलगी सातवीत आहे आणि मुलगा चौथीत, दोघांनाही आजीपाशी ठेवायचे. मुलगी समजूतदार. मुलगा काही केल्या ऐकेना. शेवटी बापलेकांत करार झाला, की तू गावी राहायचे आणि शाळा बुडवायची नाही, तुला रिमोटचा मोठा ट्रक मिळेल. उचलीच्या पैशातले अठ्ठावीसशे रुपये त्या ट्रकला गेले. भावकीत काहींनी नावे ठेवली. आम्ही ठेवली नाहीत. नऊ वर्षांचे पोर सहा महिने आईवाचून झोपते, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार?

जानेवारीत त्या ट्रकला अपघात झाला. विहाराच्या उतारावरून पोराने तो पूर्ण वेगाने सोडला, वळण चुकले, ट्रक पुलाच्या दगडी कठड्यावर आदळला आणि खाली कोरड्या नाल्यात पडला. पोराने तो टॉवेलात गुंडाळून धान्याच्या कणगीमागे लपवला. दोन दिवस घरात शब्द नाही. तिसऱ्या दिवशी आजीला म्हणाला, "ट्रकच न्हाई राहिला तर मी इथं कशाला ऱ्हाऊ? मी बी कारखान्याला जातो." ट्रकच्या मोबदल्यात तो राहिला होता, तेव्हा ट्रक गेला म्हणजे करार मोडला, असा त्याचा सरळ हिशेब होता. गावातून कारखान्याकडे जाणारी गाडीही त्याने हेरून ठेवली होती.

आम्ही ट्रक शहरातल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने बटन दाबले, दिवे लागले, पुढची चाके डावी-उजवीकडे वळली, पण ट्रक जागचा हलेना. "मोटार जळाली, पार्ट मिळत नाही, नवीन घ्या," एवढे सांगून तो मोकळा झाला. त्याने साधा एक स्क्रूसुद्धा उघडला नव्हता. भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात वारंवार ऐकतो. अमका सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि मग स्वीकारा, असा त्याचा मथितार्थ. तो उपदेश मोटारीला का लागू नये?

म्हणून रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाकून आम्ही ट्रक उघडायला बसलो. आम्ही कारकुनी करणारी माणसे, पाना-पक्कड हा आमचा प्रांत नव्हे. म्हणून चौकातल्या एका गॅरेजच्या मिस्त्रीचाचांना विनंती केली. ते हसले, पण आले. पहिला नियम त्यांनीच घातला, की आधी बॅटरी काढायची. ती चांगली निरखायची. फुगलेली, चेपलेली किंवा गरम लागणारी लिथियम बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, तिला टोचायचे नाही आणि चुलीजवळ न्यायचे नाही, कारण ती पेट घेऊ शकते. आमची बॅटरी सुदैवाने धड होती.

दुसरा नियम मुलीने केला. एकेक स्क्रू काढला की तो बाटलीच्या झाकणात ठेवायचा आणि कोणता कुठला ते वहीत चित्र काढून लिहायचे. चौदा स्क्रू निघाले, त्यांत तीन लांबीचे प्रकार. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आतला भाग फोडतो. आत नाल्याची माती भरली होती. ती पाण्याने न धुता जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडून काढली.

मग दोष शोधणे. दिवे लागतात आणि पुढची चाके वळतात, त्या अर्थी बॅटरी, रिमोट आणि रिमोटचा संदेश घेणारे सर्किट शाबूत आहे. हालत नाही ती फक्त मोटार. पोराने घरातल्या टॉर्चचे दोन पेन्सिल सेल आणले. मोटारीच्या दोन टोकांना त्यांच्या वायरी टेकवताच मोटार भुर्र करून फिरली. म्हणजे जळालेली नव्हती! तिच्यापर्यंत येणाऱ्या वायरीचा डाख धक्क्याने सुटला होता आणि वर काळी नळी असल्यामुळे तो दिसत नव्हता. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलाने दोन मिनिटांत डाख दिला, पैसेही घेतले नाहीत. त्याने सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर ट्रक फक्त उलट्या दिशेने पळतो, पण बॅटरीचा लाल-काळा उलटा लागला तर सर्किट जळू शकते.

तरीही मोटार फिरत होती आणि मागची चाके ढिम्म. कान लावला तर आत करकर. मोटारीच्या टोकावर छोटे दातेरी चाक असते, ते मोठ्या प्लास्टिकच्या दातेरी चाकाला फिरवते. त्या मोठ्या चाकाचे पाच दात साफ गेले होते. ट्रक कठड्याला अडकला तेव्हा पोराचे बोट बटनावरच होते, मोटार जोर करीत राहिली आणि दात सोलून निघाले. म्हणून कुठे अडकला की पहिले बोट काढायचे. मुलीने उरलेले दात आणि गेलेल्यांच्या जागा मोजून आकडा काढला, ट्रकच्या पोटावरचा मॉडेल नंबर उतरवला आणि आम्ही मोबाईलवरून चाक मागवले. एकशे साठ रुपये, आठ दिवस.

या आठ दिवसांत पोर रोज शाळेतून आल्यावर कुरिअरवाल्याची वाट पाहात बसे. कारखान्याला जायचे नाव त्याने त्या दिवसांत काढले नाही, हे आजीने आमच्या कानात सांगितले.

शेजारच्या एका मावशींनी सल्ला दिला, की नजर लागली आहे, लिंबू-मिरची बांधा. मुलगी म्हणाली, "मावशी, घाटात उलटलेल्या ट्रकांना बी बांधलेली असती की." मावशींना राग आला नाही, हसू आले. प्रत्येक घटनेला कारण असते, कारण दूर केले की परिणाम दूर होतो, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये आपल्याला किती परींनी समजावले आहे! ते प्रवचनात ऐकणे वेगळे आणि पाच दात गेलेले चाक हातात धरून पाहणे वेगळे.

पोराचा प्रश्न मात्र वेगळाच होता. तार नाही, मग ट्रकला कळते कसे? त्याला सांगितले, की रिमोट रेडिओच्या लहरी सोडतो, जशा आपल्या रेडिओला येतात तशाच, फक्त यांची कंपने फार जलद. हल्लीचे बरेचसे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने. रिमोट आणि ट्रक सुरुवातीला एकमेकांची ओळख पटवून घेतात, त्यामुळे शेजारच्या मुलाच्या रिमोटने आपला ट्रक पळत नाही. जुन्या खेळण्यांत मात्र तसा घोटाळा होई. तारेविना लहरी पाठवून भिंतीपलीकडची घंटा वाजवण्याचा प्रयोग जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात केला होता. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींनी चालणारी छोटी बोट लोकांसमोर हौदात चालवून दाखवली. पोराने विचारले, "ती बोट आपटली न्हाई का?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

नवे चाक आले. ते बसवताना मिस्त्रीचाचांनी एक युक्ती शिकवली. दोन दातेरी चाकांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, चाके एकमेकांवर दाबून मोटारीचे स्क्रू कसायचे आणि मग पट्टी फिरवून बाहेर काढायची. कागदाएवढी फट राहते. फार घट्ट बसली तर मोटार तापते, सैल राहिली तर पुन्हा दात जातात. दुसरी युक्ती प्लास्टिकमध्ये स्क्रू बसवण्याची. "बेटा, पहले उलटा घुमाओ, टक् आवाज आया के फिर कसो." उलटा फिरवल्यावर स्क्रू जुन्या आट्यांत बरोबर बसतो. नाहीतर तो नवे आटे पाडतो आणि दोन-चार वेळांत भोक ढिले होते.

डाव्या पुढच्या चाकाचा हात मात्र मधोमध तुटला होता. झटपट चिकटणारा गोंद नायलॉनला धरत नाही, एका धक्क्यात सुटतो. तेव्हा तुटलेल्या हाताला दोन्ही बाजूंनी सायकलच्या स्पोकचे तुकडे लावले, तापवलेल्या सुईने भोके पाडली आणि बारीक तारेने आवळून बांधले. मोडलेल्या हाडाला खपच्या बांधतात तसे. हे सगळे मुलीने केले. पोर फक्त पक्कड धरून होते.

विहारात बसलेल्या एका गृहस्थांना हे रुचले नाही. ते म्हणाले, "साहेब, बाबासाहेबांनी आपल्याला असल्या कामांतून बाहेर काढलं आणि तुम्ही लेकरांना मिस्त्रीकाम शिकवता? त्यांना पुस्तकं द्या." त्यांच्या म्हणण्यात वेदना आहे आणि ती आम्ही जाणतो. गावकीची कामे आपल्या आजोबांच्या गळ्यात जन्माने बांधली गेली होती. ती सोडा, मेलेली ढोरे ओढू नका, असे बाबासाहेबांनी सांगितले तेव्हा आपल्या माणसांनी बहिष्कार सोसून ती सोडली. परंतु १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन'मध्ये त्यांचा आक्षेप कष्टावर नव्हता. माणसाची आवड आणि कुवत न पाहता जन्मावरून काम ठरवणे, कामकऱ्यांचेच उच्च-नीच कप्पे पाडणे, यावर तो होता. आमच्या पुतणीच्या हातातला फुलीचा पेचकस तिला कोणी जन्माने दिलेला नाही, तिने तो उचलून घेतला आहे. आम्हाला हा फरक मोठा वाटतो. ते गृहस्थ किती पटले कोण जाणे, पण पुढच्या रविवारी घरचा बंद पडलेला मिक्सर घेऊन आले. त्याचा कार्बन झिजला होता.

आता देखभालीचे थोडेसे. चालवताना आधी रिमोट सुरू करायचा, मग ट्रक. थांबवताना उलट, आधी ट्रक बंद, मग रिमोट. नाहीतर संदेश तुटलेला ट्रक भलतीकडे धावू शकतो. खेळून झाल्यावर ब्रशने धूळ झाडायची, चाकांचे नट पाहायचे. दातेरी चाकांना ग्रीसचा अगदी छोटा ठिपका पुरे, कारण जास्तीच्या ग्रीसला आपल्याकडची काळी माती चिकटते आणि तीच दात खाते. गरम झालेली बॅटरी निवेपर्यंत चार्जिंगला लावायची नाही. चार्जिंग मोठे माणूस जागे असताना, फरशीवर, अंथरुणापासून लांब. पावसाळ्यात ट्रक ठेवून द्यायचा असेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये, साधारण निम्मी ठेवावी. हे सगळे मुलीच्या वहीत तारखांसह लिहिलेले आहे.

ट्रक चालू झाला त्या रात्री पोराने बापाला फोन लावून आपटल्यापासूनची सगळी हकीकत स्वतःच सांगितली. पलीकडून बंधू एवढेच म्हणाले, "बरं झालं, शाळा बुडवली न्हाईस ना?" पाडव्याला ते आले तेव्हा कोपीवरची बिघडलेली बॅटरीची लाईट बरोबर घेऊन आले आणि लेकीपुढे ठेवली. तिच्या बटनाला गंज होता, पॉलिश पेपरने घासल्यावर लागली. मुलीने आम्हाला विचारले, की आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मुलींना घेतात का. घेतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. तिला अजून वेळ आहे, पण चौकशी करून ठेवायला काय हरकत आहे?

ट्रक सरळ सोडला की अजून थोडा डावीकडे ओढतो. मिस्त्रीचाचांचे म्हणणे, की स्पोकचा एक तुकडा अर्धा सूत लांब राहिला आहे. पोराला ते मान्य नाही, त्याच्या मते तार सैल आहे. येत्या रविवारी पुन्हा उघडायचा ठरला आहे.