रेघा कुणाच्या?

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 30 अँटेना, म्हणजे अँटेनांच्या 435 जोड्या. सगळ्यांचे ठिपके एकदम पडद्यावर आले की नवखा माणूस गांगरतो. अशा वेळी आधी फक्त कॅलिब्रेटरचा, म्हणजे ओळखीच्या संदर्भ स्रोताचा, आलेख काढावा. 3सी147 हा असा कॅलिब्रेटर जीएमआरटीला जवळजवळ बिंदूच दिसतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर सगळ्या जोड्यांवर त्याचा अँप्लिट्यूड सारखा आणि फेज शून्याजवळ सपाट यायला हवी. याला सोडून जे ठळकपणे दिसेल ते यंत्राचं किंवा वाटेतल्या हवेचं.

*

बिघडलेल्या ठिपक्यांत समान काय, हे पहिलं विचारावं. अँटेनानुसार रंग द्यावेत. प्रत्येक खराब जोडीत डब्ल्यू04 ही अँटेना असेल तर त्या डिशकडे बघा. एकाच चॅनलवर सुळका असेल तर बहुधा व्यत्यय. जमिनीवरचा व्यत्यय मध्यचौकातल्या, म्हणजे दुर्बिणीच्या मध्यभागी दाटीने असलेल्या डिशच्या, जोड्यांना जास्त छळतो, कारण शेजारच्या दोन्ही डिशना तोच गोंगाट ऐकू येतो. जवळच्या जोड्या शांत आणि लांबच्यांची फेज सावकाश वाहतेय? आयनांबर. वारंवारता जितकी कमी, तितका त्याचा ताप जास्त.

*

फेज वारंवारतेसमोर मांडली आणि तिरकी रेघ आली, तर तिचा उतार म्हणजे सिग्नलच्या उशिरातली चूक. चूक 10 नॅनोसेकंदांची असेल तर दर 100 मेगाहर्ट्झला फेज एक पूर्ण फेरा मारते. 250 ते 500 मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये अडीच फेरे. रेघ 180 अंशांवर पोचते आणि खालून पुन्हा सुरू होते, म्हणून करवतीचे दात दिसतात. कृपा करून हे ठिपके फ्लॅग करू नका, म्हणजे बाद ठरवू नका. डेटा शाबूत आहे, उशीर काढला की रेघ आडवी होते.

*

संदर्भ अँटेनाची फेज आपणच शून्य धरलेली असते. ती बिघडली तर तिच्या स्वतःच्या प्लॉटवर काहीच उमटत नाही. बाकीच्या सगळ्या एकाच क्षणी, एकाच दिशेने, सारखीच उडी मारतात. 29 अँटेना एकदम आजारी पडत नसतात. संदर्भ बदलून प्लॉट पुन्हा काढावा.

*

बेसलाइन, म्हणजे जोडीतलं अंतर, वाढेल तसा अँप्लिट्यूड उतरला, तर स्रोत पसरलेला आहे. उतरून पुन्हा चढला तर? 1953 साली जॉड्रेल बँक वेधशाळेच्या रॉजर जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता यांच्यापुढे सिग्नस ए या रेडिओ स्रोताचा असाच आलेख होता. अँटेनांमधलं अंतर वाढवत नेलं तसा सिग्नल क्षीण झाला, आणि आणखी लांब गेल्यावर परत वर आला. एकसंध गोळा इतका वर येत नाही. म्हणजे तिथे शेजारी शेजारी दोन स्रोत होते. त्यांच्या यंत्रातून फेज मिळतच नव्हती, त्यामुळे चित्र काढायची सोय नाही. आज कुठल्याही चांगल्या नकाशात दिसणारे ते दोन लोब त्यांनी निव्वळ चढउतारावरून ओळखले. मला या आलेखाचं फार अप्रूप वाटतं.

म्हणून अँप्लिट्यूडच्या दरीतले ठिपके पुसायला हात गेला की थांबावं. त्या दरीत एकच जोडी आहे, की तेवढ्या लांबीच्या आणि त्याच दिशेच्या सगळ्याच आहेत? सगळ्या असतील तर ते आकाश आहे. ते पुसलं तर निरीक्षण कशाला केलं?

*

मंद स्रोताची फेज उणे 180 पासून 180 पर्यंत सगळीकडे विखुरलेली दिसते. त्यात दोष काही नाही. प्रत्येक ठिपक्यात गोंगाटच जास्त. असे लाखो ठिपके एकत्र आले की स्रोत वर येतो.

*

एखाद्या बिघडलेल्या जोडीमुळे डेटातून बनवलेल्या चित्रभर समांतर पट्टे आले तर ते मोजावेत. 1 मीटर तरंगलांबीला 100 मीटरच्या जोडीचे पट्टे सुमारे 34 आर्कमिनिटांवर पडतात, 25 किलोमीटरच्या जोडीचे सुमारे 8 आर्कसेकंदांवर. पट्टे रुंद असतील तर मध्यचौक तपासावा, बारीक असतील तर टोकाच्या डिश. पट्ट्यांना काटकोनातली दिशा काढली की दोषी जोडीची त्या वेळची दिशाही हाती येते, आणि 435 मधून तपासायला दोन-चारच उरतात.